पोत्यातला सेलेब्रिटी

परवा अमरावतीत एका साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन होतं आणि त्यापायी माझा रस्ता अडला. टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेत सुनेचं काम करणारी बाई फीत कापायला आली होती. भर उन्हात तासभर ताटकळून मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, ही कोण? ते माझी कीव करत म्हणाले, सेलेब्रिटी आहे. जसा काही हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. अहो, साऱ्या वऱ्हाडात हा शब्द पहिल्यांदा ज्याला चिकटला तो माणूस आमच्या बोरखेडीचा, असं आमचं गाव मानतं. पुरावा मागाल तर नाही. आजोबांनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या आजोबांनी. खोटं असेल तर पिढीजात खोटं आहे, एवढं समजून घ्या.

त्या माणसाचं नाव नत्थुजी. काळ कापसाच्या तेजीचा. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून साहेब लोकांना एकाएकी वऱ्हाडच्या काळ्या मातीचा उमाळा आला. भाव असे चढले की लोकांना पैशाचं काय करावं ते कळेना. कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. आमचे खुशालराव पाटील तर पानाचा डबाही चांदीचा, अडकित्ताही चांदीचा वापरू लागले. चांदीच्या अडकित्त्यानं सुपारी फुटत नाही, म्हणून खिशात लोखंडी वेगळा ठेवत.

नत्थुजीला या तेजीचा वारासुद्धा लागला नाही. वावर एवढंसं, त्यात अर्धी ज्वारी. मग तो पाटलाच्या खळ्यात रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, तुडवायला जाई. लाकडी चौकटीला पोतं तोंड उघडं ठेवून टांगायचं, एकानं आत उतरायचं, वरून रुई पडत राहायची आणि आतल्यानं ती पायानं दाबत दाबत वर यायचं. दिवसभर नाचून माणूस जागचा हलत नाही, असं हे काम. नत्थुजीला त्याची काही खंत नव्हती. त्याला खंत एकच होती, आणि ती कवड्याची.

कवड्या म्हणजे त्याचा बैल. बायको जयवंताबाई लग्न होऊन आली त्याच साली हा गोऱ्हा घरात आला. एकदा पुराच्या दिवसांत जयवंताबाई अडली होती, तेव्हा छातीभर पाण्यातून गाडी ओढून यानंच तिला सुइणीच्या दारी पोचवलं. जोडीचा बैल मरून गेला, हा राहिला. आता त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या आणि बसला की उठायला वेळ लागे. येता पोळा त्याचा शेवटचा, हे नत्थुजीला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि आमच्याकडे पोळ्याच्या रांगेतली जागा म्हणजे गंमत नाही. तोरणाखाली पहिला बैल पाटलाचा, मग भाऊबंदांचे, मग मोठ्या कास्तकारांचे, आणि अशी उतरत उतरत रांग उकिरड्यापाशी संपे. तिथे शेवटी कवड्या. पाटलाच्या घरचं पूजेचं तबक येई, त्यानं पहिल्या बैलाला ओवाळत. शेवटच्या बैलापर्यंत ते कधी पोचत नसे, कारण तोवर पोळा फुटून लोक घरी पळालेले असत. नत्थुजीच्या मनात एकच होतं. जन्मभर राबला त्या जनावराला मरण्याआधी एकदा तोरणाखाली पहिलं उभं करायचं. पण पाटलाच्या जागी नत्थुजीचा बैल, ही गोष्ट मोठ्यानं बोलायचीसुद्धा सोय नव्हती.

अशात माघ महिन्यात तो प्रकार घडला. दोन रात्री शेतात जागल करून नत्थुजी पोत्यात उतरला होता. संध्याकाळी कामकरी जरा भाकर खायला गेले, तेव्हा हा आतच टेकला. मऊ रुई, दमलेलं अंग. ते परत आले, वरून चार टोपल्या भुसभुशीत रुई पडली तरी त्याला पत्ता नाही. लोकांना वाटलं नत्थुजी घरी गेला. त्यांनी पोत्याचं तोंड शिवलं, गाडीत टाकलं आणि गाड्या अकोल्याला लागल्या.

जाग आली तेव्हा चहूकडे पांढरंशुभ्र. नत्थुजीला वाटलं, आपण मेलो आणि कैलासात पोचलो. थोड्या वेळानं वंगणाच्या एरंडेलाचा वास आला, चाक कुरकुरलं, तेव्हा त्याची खात्री पटली की हा कैलास नव्हे. मग त्यानं गाडीवानाला हाक मारली. पोतं आपल्याला नावानं हाक मारतं आहे हे ऐकून गाडीवानानं बैलांना जे झोडपायला घेतलं, ते थेट मूर्तिजापूर ओलांडेपर्यंत. तिथे सगळ्या गाडीवानांनी बसून विचार केला. रुईत भूत शिरलं आहे यावर सर्वांचं एकमत झालं. पोतं उघडावं असं एकही म्हणाला नाही. भूत झालं तरी मालाबरोबर आलेलं आहे, ते साहेबाच्या ताब्यात द्यावं आणि मोकळं व्हावं, असं ठरलं.

अकोल्याला रुई घेणारा जो साहेब होता त्याला हनुवटीखाली दाढी होती, म्हणून आमचे लोक त्याला बोकडसाहेब म्हणत. हा मोठा संशयी. तेजीच्या दिवसांत लोक वजन वाढवायला पोत्यात पाणी मारत, सरकी घालत, माती घालत, त्यामुळे तो प्रत्येक पोत्यात लोखंडी आकडा खुपसून आतला माल बाहेर ओढून बघे. या पोत्यात त्यानं आकडा खुपसला आणि रुईनं त्याला आईवरून शिवी दिली. वऱ्हाडी शिवी, तीही पोटातून आलेली. पोतं फाडलं तर आतून पांढऱ्या मिशांचा, पांढऱ्या भुवयांचा नत्थुजी निघाला, एका हातानं बूड चोळत.

साहेबानं आजवर पोत्यांतून धोंडे काढले होते, शेण काढलं होतं, पण आख्खा शेतकरी कुणी भेसळीला वापरलेला त्यानं पाहिला नव्हता. आधी तो संतापला. मग त्याला हसू फुटलं, ते आवरेना. त्यानं नत्थुजीला खुर्चीवर बसवलं, गूळपाणी दिलं, आणि अकोल्यातल्या सगळ्या गोऱ्या लोकांना बोलावणं धाडलं. ते आले, त्यांच्या मडमा आल्या. दर वेळी साहेब नत्थुजीला पुन्हा पोत्यात घाली, आकडा खुपसल्यासारखं करी, नत्थुजी ती शिवी देई, आणि मडमा टाळ्या वाजवत. मग साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "सेलेब्रिटी."

काहीतरी मोठं मिळालं आहे एवढं नत्थुजीला उमगलं. शब्द हरवू नये म्हणून तो बोरखेडीपर्यंत जपासारखा घोकत आला.

आता इथे आमच्या गावानं जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गावानं केलं नसतं. साहेबानं शब्द दिला, चारचौघांत दिला, खांद्यावर हात ठेवून दिला. म्हणजे ते काय असणार? वतन. पाटीलकी, देशमुखी, कुळकर्ण, तशी ही सेलेब्रिटी. निजामाचा अंमल जाऊन कंपनी आली, कंपनी जाऊन राणी आली, कोणती वतनं राहतील न् कोणती जातील याचा कुणाला भरवसा नव्हता. त्यात नवं वतन निघालं तर नवल काय? चावडीवर चर्चा सुरू झाली. सेलेब्रिटीला इनाम जमीन किती? ती थोरल्या मुलाकडे जाते की भावांत वाटली जाते? लग्नात त्याचा विडा पाटलाच्या आधी की नंतर? म्हाताऱ्या लोकांनी तर सांगून टाकलं की असं वतन मोगलांच्या वेळीसुद्धा होतं, मध्यंतरी बंद पडलं.

तोवर लोक यायला लागले. पोत्यातून बोललेला माणूस बघायला अंजनगावचे व्यापारी वाट वाकडी करून आले. रिद्धपूरला निघालेले यात्रेकरू आमच्याकडे एक मुक्काम टाकू लागले. जो येई तो म्हणे, शिवी देऊन दाखवा. नत्थुजी भिडस्त माणूस, बायाबापड्यांसमोर शिवी कशी द्यावी म्हणून आधी त्यांची माफी मागे आणि मग देई. जयवंताबाई पाणी पाजून पाजून थकली. ती म्हणे, "तुमच्या शेलब्रिटीपायी माही विहीर आटून राहिली." तिचं कुणी ऐकेना.

शेवटी पाटलानं त्याला चावडीवर बोलावून विचारलं की बाबा, तुझ्या वतनाचा हक्क काय, एकदा सांग. लोकांना वाटलं हा जमीन मागतो की काय. नत्थुजी म्हणाला, "मले काई नाई पायजे, पाटील. यंदाच्या पोयाले माह्या कवड्याले पयल्या जागी उभा राहू द्या."

लोक पाटलांकडे बघू लागले. जमीन मागितली असती तर पाटील हसले असते. हे मात्र त्यांच्या वर्मी लागलं. सरकारी कागद पाहिल्याशिवाय काही सांगता येत नाही, असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी दमणी जुंपून स्वतः अकोल्याला गेले.

बोकडसाहेबाकडे पुण्याकडचे एक दुभाषी कारकून होते. पाटलांनी त्यांना गाठून विचारलं की सेलेब्रिटीची सनद कशी असते, शिक्का कोणाचा असतो. कारकुनांना प्रश्नच कळेना. ते आत जाऊन साहेबाला विचारून आले. साहेबानंही मोठा कोश काढला, कारण त्यालाही नेमकं सांगता येईना. मग कारकून म्हणाले, हा शब्द मुळात रोमच्या जुन्या लोकांचा. तेव्हा तो माणसाला लावत नसत. ज्या रस्त्यावर, ज्या देवळापाशी लोकांची दाटी होते, त्या दाटीला म्हणत. पुढे थाटामाटाच्या सोहळ्याला म्हणू लागले, मग नावलौकिकाला. आणि आता अलीकडे, गेल्या काही वर्षांत, ज्याला बघायला लोक जमतात त्या माणसालाच तसं म्हणायची रीत विलायतेत पडली आहे.

पाटलांनी विचार केला. "म्हणजे हे वतन नाई. जत्रा हाय."

"तसं म्हणायला हरकत नाही," कारकून म्हणाले.

"पोराले मियत नाई?"

"मुळीच नाही."

"अन् काढून घेते कोन?"

"कोणी काढून घेत नाही. लोक यायचे थांबले की संपलं."

"अन् द्यायले?"

"द्यायलाही कोणी लागत नाही. लोक जमले की झालं."

ही शेवटची गोष्ट पाटलांनी परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा घोळवली. पाटीलकी त्यांना बापाकडून आली होती, तिच्यात त्यांची स्वतःची कर्तबगारी काही नव्हती, आणि हे त्यांना मनातून ठाऊक होतं. त्यांना बघायला आजवर परगावचं कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. नत्थुजीला बघायला मात्र मडमा आल्या होत्या. पाटील काही दुष्ट माणूस नव्हते, पण पोत्यात शिरण्याइतक्या सोप्या गोष्टीनं आपण मागे पडलो, हे त्यांना पचेना.

गावात येऊन त्यांनी सांगितलं की वतन वगैरे काही नाही. लोक हिरमुसले. दोन महिने पाटलाच्या आधी नत्थुजीला विडा देणारे आता त्याला पुन्हा रुई तुडवायला कधी जातोस, असं विचारू लागले. नत्थुजीनं तेही सोसलं. फक्त कवड्याला चारा घालताना त्याला त्याच्याकडे बघवत नसे, कारण मनातल्या मनात तो त्याला वचन देऊन बसला होता. आपण या मुक्या जिवाला फसवलं, असं त्याला वाटे, आणि त्याचे डोळे भरून येत.

श्रावण संपत आला तेव्हा साहेबाचा निरोप आला. कुणी मोठा साहेब मुंबईहून अमरावतीला येत होता. त्याच्यापुढे नत्थुजीला पोत्यात घालून हजर करावं. दिवस अमावास्येचा, म्हणजे ऐन पोळ्याचा. साहेबाला पोळा माहीत असायचं कारण नव्हतं.

नत्थुजीनं सरळ नाही म्हटलं. कवड्याचा शेवटचा पोळा आणि मी पोत्यात, हे होणार नाही. जागा शेवटची तर शेवटची, त्याच्याजवळ उभा राहीन. पाटलांनी त्याला साहेबाच्या रागाची भीती घालून पाहिली, गावावर संकट येईल म्हणून पाहिलं. नत्थुजी ढिम्म हलला नाही. मग पाटलांनी इकडे तिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "गावासाठी कोनी तरी जा लागंन. मी जातो."

नत्थुजीला आधी कळेना. पोत्यात? तुम्ही? पाटील म्हणाले, त्यात काय, साहेबाला माणूस पाहिजे, तो कोण आहे हे पोत्यावरून कुठं दिसतं? हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की नत्थुजीनं आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं सौदा करायचं धाडस केलं. पाटील गावात नसतील तर तोरणाखालची पहिली जागा मोकळी राहते. ती कवड्याला द्या.

पाटील कचरले. तेव्हा आतून पाटलीणबाई, माणिकबाई, उंबऱ्यापाशी आल्या. नवरा पोत्यात शिरायला निघाला हे त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यावर काही बोलण्यात अर्थ नाही हेही त्यांना समजलं होतं. त्या म्हणाल्या, "नत्थुभाऊ, तबक मी आणीन. पयली पूजा तुमच्या बैलाची. माहा शब्द हाय."

पोळ्याच्या दिवशी पहाटे खुशालराव पाटील रुईच्या पोत्यात बसून अमरावतीला गेले. तिकडचं नंतर कळलं ते असं. बंगल्यासमोर मोठी गर्दी होती. साहेबानं थोड्याशा भाषणानंतर आकडा खुपसला. सराव नसल्यामुळे पाटलांना नत्थुजीची शिवी आठवेना, आणि आकडा या वेळी खरोखरच लागला, तेव्हा त्यांच्या तोंडून स्वतःची अशी शिवी निघाली की कारकुनांनी कानांवर हात ठेवले. मडमांनी टाळ्या वाजवल्या. पोतं फाडल्यावर बोकडसाहेबानं पाहिलं की माणूस वेगळा आहे, मिशीसुद्धा वेगळी आहे. तो क्षणभर थांबला आणि पाटलांच्या खांद्यावर हात ठेवून तोच शब्द त्याच प्रेमानं म्हणाला. मोठ्या साहेबानं हात मिळवला. मी कोण, हे मात्र त्यानं विचारलं नाही, असं पाटील पुढे मरेपर्यंत सांगत, आणि सांगताना दर वेळी जरा थांबत.

इकडे बोरखेडीत दुपारपासून तोरणाखाली बैल जमायला लागले. झुली, बेगड, गोंडे, आणि त्या साली चांदी तर इतकी की डोळे दिपावेत. नत्थुजीनं कवड्याला नदीवर नेऊन चोळून चोळून धुतलं होतं. शिंगांना गेरू लावला होता, पाठीवर जयवंताबाईचं लग्नातलं लुगडं घातलं होतं. त्याला घेऊन तो रांगेच्या कडेनं पुढे निघाला. लोक कुजबुजले, पण पाटलीणबाईंचा शब्द होता, म्हणून सरकून वाट दिली. तोरणाखालच्या मोकळ्या जागेत कवड्या उभा राहिला. मागे सगळी चांदी, पुढे तो. नत्थुजीची छाती भरून आली. त्यानं जयवंताबाईकडे पाहिलं, तीही पदराआड रडत होती.

वाजंत्री वाजू लागली. आणि कवड्यानं मान वळवून मागे पाहिलं. जन्मभर पोळ्याला तो वेगळ्या जागी उभा राहिला होता, आणि काहीतरी चुकलं आहे असं त्याला वाटलं असणार. तो सावकाश वळला आणि चालू लागला. नत्थुजीनं कासरा ओढला, गळ्याला मिठी मारली, कानात विनवण्या केल्या. म्हाताऱ्या बैलाच्या अंगात तेवढ्यापुरतं बळ आलं होतं. झुली घातलेल्या साऱ्या बैलांच्या समोरून, हसणाऱ्या साऱ्या गावासमोरून तो नत्थुजीला ओढत ओढत उकिरड्यापाशी गेला, आपल्या जागी उभा राहिला आणि शांतपणे रवंथ करू लागला.

लोक पोट धरून हसले. नत्थुजी कासरा हातात घेऊन खाली मान घालून उभा राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पाटलाच्या भाऊबंदांपैकी एकानं लगेच आपला बैल पुढे काढला आणि तोरणाखाली उभा केला, जागा रिकामी ठेवू नये म्हणून.

तेवढ्यात माणिकबाई तबक घेऊन आल्या. तोरणाखाली त्या थांबल्या. दिराचा बैल समोर होता, दिरानं पूजेसाठी शिंगं खाली धरली होती. माणिकबाईंनी विचारलं, "नत्थुभाऊचा बैल कुठं हाय?"

कुणीतरी हसत रांगेच्या शेवटाकडे बोट दाखवलं.

माणिकबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून हात आडवा धरला आणि चालू लागल्या. दिराचा बैल मागे राहिला, मोठ्या कास्तकारांच्या जोड्या मागे राहिल्या. एकेका बैलापुढून त्या जात होत्या आणि तिथलं हसू बंद पडत होतं. वाजंत्रीवाल्यांना तबकाच्या पुढे वाजवायची सवय, म्हणून तेही निघाले. वाजंत्री चालली तसे लोकही निघाले. उकिरड्यापाशी पोचल्यावर माणिकबाई चिखलात बसल्या, कवड्याचे चारी खूर धुतले, कुंकू लावलं आणि पुरणाची पहिली पोळी त्याच्या तोंडात दिली.

"घे बाप्पा," त्या म्हणाल्या, "तू नाई आला, तर मी आली."